सोबतीचा पगार

सावंतवाडीच्या इंदुमती तेंडोलकरांचा लाकडी खेळण्यांचा छोटा कारखाना होता. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मंदीत काम थांबलं, तरी त्यांनी दोन कारागिरांना रोज बोलावलं, त्यांचा पगार थांबवला नाही. अशा मालकांना करात सवलत होती. ती मागायला जाताना त्यांनी पद्मजा परुळेकर या तरुण करसल्लागार मुलीला बरोबर नेलं.

कर अधिकाऱ्याने तोऱ्यात विचारलं, "काम नव्हतं, तर माणसांना रोज बोलावत कशाला होतात?"

इंदुमतीबाई खरं तेच बोलल्या. "घरात बोलायला दुसरं कोणी नाही, साहेब."

"म्हणजे ते कामगार नव्हेत, तुमचे सोबती. सोबतीवर सवलत मिळत नाही." त्याने अर्ज बाजूला सारला.

पद्मजा शांतपणे म्हणाली, "साहेब, सोबती कधी पगार घेतात का? हे दोघे दर महिन्याला घेत होते. म्हणजे कामगारच."

अधिकाऱ्याने अर्ज पुन्हा पुढे ओढला आणि सही केली.

बाहेर आल्यावर इंदुमतीबाई पायरीवरच थांबल्या. "सवलत मिळाली, बरं झालं. पण मी त्यांना सोबतीच समजत होते गं."

पद्मजाने त्यांचा हात धरला. "चला, समोर चहा घेऊ. हा वेळ मी फीमध्ये धरणार नाही."