फरशीखालचा आवाज

भाविकहो, प्रभू येशूचे नाव घेणारी मंडळी मूठभरच होती, त्या काळची ही कथा. सिरिया देशात केफर-तूथा नावाचे तुतीच्या झाडांचे गाव होते. तिथे ओढ्याकाठच्या गुहेत एक संत राहत. गाव त्यांना अब्बा यारीम म्हणे. अब्बा म्हणजे बाप.

त्याच गावात थिओफानेस नावाचा एक मांत्रिक येऊन राहिला. आपल्या मठीत मेलेली माणसे बोलतात, असे तो सांगे. लोक खरोखरच आवाज ऐकत आणि ढसाढसा रडत. फरशीखाली खड्डा आहे आणि त्यात बसून आपला धाकटा भाऊ मल्खू बोलतो, हे त्या दोघा भावांनाच ठाऊक होते.

लोकर पिंजणारी शल्माथ नावाची विधवा मात्र तिकडे फिरकत नसे. माझे धनी प्रभूपाशी आहेत, ते कुणाच्या बोलावण्याने यायचे नाहीत, असे ती म्हणे. थिओफानेसने तिला विहिरीवर बायकांदेखत हिणवले, की नवऱ्याचे दोन शब्द ऐकण्याचीही माया हिला नाही. उद्या दुपारी साऱ्या गावापुढे त्याला बोलता करतो, अशी पैजही त्याने लावली. शल्माथ रडत गुहेकडे गेली. सारे ऐकून घेऊन अब्बा म्हणाले, “चल पोरी, मीही येतो.”

दुसऱ्या दिवशी मठी माणसांनी भरली. खुद्द अब्बा आलेले पाहून थिओफानेसला चेव आला. त्याने रोजच्या दुप्पट धूप जाळला. काळा धूर फरशीवर पसरून तिच्या भोकांतून खाली उतरू लागला. त्याने मृताला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. त्याच्या कपाळावर घाम आला. कोपऱ्यात अब्बा गुडघे टेकून प्रार्थना करत होते.

मग आवाज आला.

“बरहद, दगड उचल. तुझा भाऊ मरतो आहे.”

बरहद! थिओफानेसचे आईने ठेवलेले ते नाव या गावात मल्खूखेरीज कोणालाच माहीत नव्हते. भाऊ फितला, असे वाटून त्याने संतापाच्या भरात सर्वांदेखत फरशी उचकटली.

खाली मल्खू निपचित पडला होता. ओठ निळे, अंग गार. त्याच्या तोंडून शब्द फुटणे शक्यच नव्हते. मग बोलले कोण? बरहदच्या अंगावर सर्रकन काटा आला.

सगळे गोठून उभे असताना शल्माथ खड्ड्यात उतरली आणि काखेत हात घालून तिने मल्खूला वर ओढले. तोवर लोक भानावर आले. कोणी दगड उचलला, कोणी काठी. अब्बांनी नुसता हात वर केला. मल्खूचे डोके मांडीवर घेऊन त्यांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि प्रभूचे नाव घेतले. मल्खूला जोराचा ठसका लागला. त्याने डोळे उघडले.

“दादा,” तो कसाबसा म्हणाला, “मी काहीच बोललो नाही रे.”

बरहदने अब्बांच्या पायांवर लोळण घेतली. अब्बांनी त्याला उठवले. ते म्हणाले, “माझ्या नको. तिच्या पाया पड.”

त्याने शल्माथच्या मातीने भरलेल्या पावलांवर डोके ठेवले. ती संकोचून मागे सरली.

“उठा,” ती म्हणाली, “आधी भावाला वाऱ्यावर न्या.”