चांदणंनगरीतला खारा खडक

एक जंगल होतं. जंगलाला एक वाघ होता आणि वाघाला एक खेळवन होतं. वाघ अगदी रीतसर निवडणूक लढवून महाराज झाला होता. निवडणूक बिनविरोध झाली, कारण विरोधी उमेदवार आदल्या दिवशीच महाराजांच्या पोटात सामावले होते.

खेळवनात वेलींचे झोके होते, धबधब्याची घसरगुंडी होती. दिवस मावळला की फाटक बंद व्हायचं, पण बाहेर पडलेली जनावरं काही घरी जायची नाहीत. फाटकासमोर एक खारा खडक होता. दमलेली मंडळी तो मनसोक्त चाटायची आणि चाटून तहान लागली की ठकूबाई सायाळीकडे यायची. ठकूबाई पळसाच्या द्रोणांतून चिंचेचं पन्हं विकायची. मग आसपासच्या दगडांवर बैठक जमायची. नीलगाई सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, तरणी हरणं एकमेकांकडे चोरून बघायची आणि बोलता बोलता पुन्हा घशाला कोरड पडायची. नवरा गेल्यावर ठकूबाईने चार पिल्लं या पन्ह्यावर वाढवली होती. धाकटं अजून अंगावर पीत होतं.

ही गर्दी विकासमंत्री मोराच्या नजरेत भरली. मोर नुकताच सात जंगलांचा अभ्यासदौरा करून आला होता. सोबत सल्लागार म्हणून करकोचे आणले होते, जे कशालाही एका पायावर तयार असत.

"फुकट बसणारी गर्दी ही गर्दी नव्हे," मोर दरबारात म्हणाला, "ती गळती आहे!"

महाराजांनी जांभई दिली. दरबाराने ती मंजुरी समजून नोंदवून घेतली.

तर फाटकासमोर चांदणंनगरी उभी राहिली. शंभर गाळे, काजव्यांची रोषणाई, आत शिरायला तिकीट. बसलेलं जनावर खरेदी करत नाही, असं करकोच्यांनी शोधून काढल्यामुळे दगड उचलले गेले. खडकाला मात्र मोठा मान मिळाला. त्याला लाखेचा चकचकीत लेप दिला, भोवती काटेरी कुंपण घातलं आणि पाटी लावली : 'आपला वारसा. जीभ लावू नये.'

ठकूबाईला गाळा मिळाला, हत्तींच्या वाहनतळामागे. ती मोराला गाठून म्हणाली, "साहेब, गाळा कुठंही द्या, पण खडकाला लाख नका लावू. मीठ चाटतात म्हणून तर पन्हं पितात. माझी पोरं उपाशी मरतील हो!"

"बाई, दृष्टी बदला," मोर म्हणाला. "यापुढे तहान मिठाने नाही, विकासाने लागेल."

उद्घाटनाला महाराज स्वतः गरजले, "बंधूंनो आणि भगिनींनो! आजवर या जंगलाला रात्र होती, पण नाइटलाइफ नव्हतं!" टाळ्यांसाठी बसवलेल्या घुबडांना हे ऐकून नवल वाटलं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चिटपाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. करकोच्यांनी पाहणी करून अहवाल दिला की, नगरी उत्तम आहे, नागरिक कमी पडतात. लगेच फर्मान निघालं. प्रत्येक कळपाने रोज दहा जण पाठवावेत. त्यांनी तोंडात पिशवी धरून इकडून तिकडे फिरावं. हसावं. या कामाला 'गर्दीसेवा' असं नाव पडलं आणि हजेरी घ्यायला वानर नेमले गेले. पाहुणे राजे आले, गर्दी बघून थक्क झाले. नगरीला पुरस्कार मिळाला.

ठकूबाईचं पन्हं आंबून गेलं. शेवटी एका संध्याकाळी ती मडकं घेऊन पलीकडच्या नाल्यावर गेली आणि बघते तर काय, सगळं जंगल तिथं! नाल्याच्या काठाला खारी माती होती, बसायला दगड होते, अडवायला कुणी नव्हतं. गर्दीसेवा संपवून वानरसुद्धा इथंच येत होते. ठकूबाईचं मडकं पाऊण तासात रिकामं झालं. त्या दिवशी पिल्लं पोटभर जेवली. तिला रडूच आलं.

महिन्याभराने तिथं मोर आला. पिसारा आवळून, एकटाच. त्याने खारी माती टोचली, ओळीने तीन द्रोण पन्हं प्यायला आणि दगडावर चक्क पाय पसरून बसला. नीलगाईची गोष्ट ऐकून मनापासून हसलासुद्धा. ठकूबाईला वाटलं, हीच वेळ आहे.

"साहेब, तिकडची लाख तेवढी खरवडून काढा आणि चार दगड परत ठेवा. सगळे येतील."

"ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं, बाई," मोर हळूच म्हणाला. "पण लाख खरवडली तर आमची चूक झाली होती असं दिसेल."

"मग काय करायचं?"

मोराने चौथा द्रोण संपवला. "त्यापेक्षा नाला बुजवणं सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हत्तींनी नाला बुजवला. मडकंही आतच गेलं. ठकूबाई तीन दिवस कचेरीच्या दारात बसून राहिली, तेव्हा मोराने दयाळूपणे तिला गर्दीत कायमची जागा दिली. आता ती रोज रिकामी पिशवी तोंडात धरून चांदणंनगरीत फेऱ्या मारते, आणि त्या वर्षीच्या सरकारी अहवालात जंगलातला रोजगार एकाने वाढला.