रांगेतली माणसं

आयर्लंडमधल्या बॅलीकेरनच्या फुटबॉल मैदानावर सगळ्यांना मिळून एकच संडास होता. पाचशे प्रेक्षक भरले तर आणखी चार मंजूर होणार होते, म्हणून संघटनेचे क्वर्कसाहेब सामना चालू असताना डोकी मोजायला आले. गॅलरीत तीनशे चाळीस भरली.

दारावर तिकिटं फाडणाऱ्या उनाबाई तीस वर्षं त्या एका संडासाला वैतागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मागे संडासाच्या रांगेत दोनशे माणसं आहेत. तीही मोजा की."

"ज्याला सामना दिसतो तो हजर," साहेब म्हणाले. "बाकीचे माझ्या लेखी इथं नाहीतच."

उनाबाईंनी वाद घातला नाही. थंडी फार होती, म्हणून त्यांनी साहेबांना चहा दिला. मग आणखी एक दिला.

उत्तरार्धात साहेब लगबगीनं मागे गेले आणि रांगेला म्हणाले, "जरा बाजूला व्हा. मी संघटनेचा अधिकारी आहे."

"साहेब, इथून सामना दिसतो का?" उनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग अधिकारी इथं हजरच नाहीत. या लोकांनी बाजूला व्हायचं ते कुणासाठी?"

रांग हलली नाही. साहेब रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सामना संपला तेव्हा त्यांच्यापुढे अजून साठ जण होते. त्यांनी वही काढली, जुना आकडा खोडला आणि पाचशे एकेचाळीस लिहिले, स्वतःला धरून.