अर्धवट टेकलेली पट्टी

लॅपटॉपच्या पोटातले सुटे भाग एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. पक्ष्यांचे आवाज जमवणाऱ्या केतकीने आपल्या लॅपटॉपात मेमरीची नवी पट्टी बसवली. जुन्या पट्टीशेजारच्या खाचेत ती जेमतेम टेकली आणि लॅपटॉप काही केल्या सुरू होईना.

केतकीने नवी पट्टी काढली, तर तो लगेच सुरू झाला. परत बसवली, तर पुन्हा अंधार.

"हिच्यातच खोट दिसते. एकदा बघते, नाहीतर परत करते," केतकी पुटपुटली.

"अगं, नीट बस ना," जुनी पट्टी हळूच म्हणाली.

"भीती वाटते. एवढे आवाज अंगातून गेले, तर माझं काय उरेल?" नवी पट्टी म्हणाली.

"लॅपटॉप बंद झाला की सगळं पुसलं जातं. माझ्यापाशी एकही शीळ उरलेली नाही. पण ती अंगातून जाते, तेवढा वेळ आपण रान होतो."

केतकीने अंगठ्याने दाबलं. या वेळी नव्या पट्टीने अंग सैल सोडलं. टक् असा आवाज झाला, स्क्रीन उजळला. केतकीने जमवलेला एक आवाज लावला आणि कुठल्याशा पहाटेचा दयाळ पक्षी नव्या पट्टीतून गात गेला.

"पुन्हा येईल तो?" तिने विचारलं.

"येईल. आणि तुला पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटेल."