खोकणारी मेंढी

पूर्वी कुसुंभ नगरीत विजितसेन राजाची सत्ता चालू असताना बोधिसत्त्व लांडग्याच्या जन्माला आले होते. नगरीबाहेरच्या माळावरचे लांडगे माणसांनी केव्हाच मारून संपवले होते. मग हरणे इतकी वाढली की माळावर गवताची काडी राहिना. तेव्हा राजाने दूरच्या अरण्यातून लांडग्यांची एक जोडी पिंजऱ्यातून आणवली आणि माळावर सोडली. त्या जोडीतला नर म्हणजेच बोधिसत्त्व. पुढे त्या जोडीला माळावरच्या बिळात पिल्ले झाली.

मेंढपाळांचे माथे भडकले. त्यांचा म्होरक्या रोहक तडक दरबारात गेला.

"महाराज, लांडगं तुमचं आन् मेंढरं आमची, ह्यो कुठला न्याय?"

राजाने मान डोलावली. राजांना तेवढे छान जमते. लांडगे मात्र माळावरच राहिले.

रोहकाने मग स्वतःच भाला परजला. माळावर खुंटीला एक गुबगुबीत कोकरू बांधून तो झुडपाआड दबा धरून बसला. सात दिवस लांडगा आला, कोकराकडे लांबूनच पाहून निघून गेला. रोहक चक्रावला. भुकेला लांडगा कोकरू सोडतो, हे त्याच्या आज्यानेही कधी ऐकले नव्हते.

"चांगलं कोकरू उन्हात कशापायी वाळवताय?" त्याची बायको शामा म्हणाली. "ती खोकणारी मेंढी बांधा. न्हाईतरी मरायचीच हाय. न्हाई आला लांडगा, तर सांजच्याला आणा परत."

मेंढपाळांची रीत अशी, की आजारी मेंढीला ऊब मिळावी म्हणून कळपाच्या मधोमध बसवायचे. ही मेंढीही चार दिवस तशीच मधोमध होती.

आठव्या दिवशी लांडगा आला. त्याने झुडपाकडे, थेट रोहकाच्या डोळ्यांत पाहिले. लांडगा सावकाश पुढे झाला आणि एका झेपेत त्याने मेंढीचा गळा धरला. त्याच क्षणी भाला त्याच्या बरगड्यांत घुसला.

"ही मेंढी आज परत गेली असती," लांडगा धापा टाकत म्हणाला, "तर तिच्या खोकल्याने तुझा सगळा कळप गेला असता. आणखी कोणी खोकत असेल तर त्याला वेगळे बांध."

लांडगा बोलतो याचे नवल रोहकाला उरले नव्हते. लांडग्याला भाला दिसला होता आणि तरी तो आला होता!

"मंग आधी का न्हाई सांगितलंस?" तो कसाबसा म्हणाला.

"लांडग्याचे तू ऐकले असतेस?"

एवढे बोलून बोधिसत्त्वांनी प्राण सोडला.

रोहक धावत कळपाकडे गेला. आणखी दोन मेंढ्या खोकत होत्या. त्याने त्या दूर बांधल्या आणि कळप वाचला. दुसऱ्या दिवशी बाकीचे मेंढपाळ पिल्ले मारायला लांडग्याच्या बिळाशी जमले. तेव्हा रोहक हात पसरून बिळाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

ही पूर्वकथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो लांडगा मी होतो. शामा म्हणजे आपल्या विहाराला दूध देणारी उपासिका चंपा."

"आणि रोहक?" भिक्षूंनी विचारले.

शास्त्यांनी नाव घेतले नाही. पण मागच्या ओळीतले वृद्ध भिक्षू उत्तिय उठून उभे राहिले.

"बैस, उत्तिया," शास्ते म्हणाले. "बिळापुढे उभा राहिलेलाही तूच होतास."

ही क्षमापारमिता, म्हणजे क्षमेची परिपूर्णता.