पाखरांच्या नगरातली वाटी

एका राज्यात परक्या माणसाला येण्याची मनाई नव्हती, जाण्याचीही नव्हती. अडचण होती ती राहण्याची. राजा भानुकेतूचं ते राज्य. नदीकाठी वसलेलं, तांदळानं पिकलेलं आणि पाखरांनी भरलेलं. पाखरं साधी नव्हती, बोलकी होती. वेशीवर बसून बोलत, देवळाच्या शिखरावर बसून बोलत, आणि राजाच्या पलंगामागच्या गवाक्षात बसून तर तांबडं फुटायच्या आधीपासून बोलत. त्यामुळे राजाला झोप म्हणून लागत नसे, आणि झोप न झालेल्या राजाचं राज्य कसं चालतं ते वेगळं सांगायला नको.

ही पाखरं म्हणजे एके काळची माणसं. राजाच्या पणजोबांच्या काळी एक मांत्रिक त्या नगरात राहायला आला होता. तो दारोदार फिरला, पण कुणी त्याला ओसरीसुद्धा दिली नाही. तेव्हा वेशीवर उभं राहून त्यानं शाप दिला, की ज्या परक्याला पौर्णिमेचा सूर्य मावळेपर्यंत या नगरातलं कुणी आपलं म्हणणार नाही, त्याचं पाखरू होईल. शाप देऊन मांत्रिक दिसेनासा झाला, शाप मात्र राहिला. पाखरू झालेल्याचं सामान राजाच्या कोठारात जाई. ते सामान ‘माझं’ म्हणून जो हाती धरी, त्याच्या बोटांना पिसं फुटत. म्हणून कोठाराला कुलूप होतं, आणि पहारेकरी दारापासून चार हात लांब बसत.

दूरच्या डोंगरी मुलखात मेघावती नावाची एक बाई होती. तिचा धाकटा भाऊ शार्दूल घंटा ओतण्यात वाकबगार. आई गेल्यावर त्याला मेघावतीनंच वाढवलेलं. न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, चार माणसांत कसं वागावं ते सांगितलं. राजा भानुकेतूनं देवळाच्या घंटेसाठी कारागीर बोलावले, तेव्हा शार्दूल तिकडे गेला. आरंभी त्याचे निरोप येत. मग ते थांबले. मेघावतीनं वाट पाहिली, नवस बोलून पाहिले, आणि शेवटी दाराला कडी घालून ती स्वतःच निघाली.

परमुलखात काय मिळेल, काय न मिळेल, म्हणून तिनं सगळं बरोबर घेतलं. दशम्या घेतल्या, मेतकूट घेतलं, लिंबाचं लोणचं, सुंठ, घोंगडी, सुईदोरा, आणि आपल्या विहिरीच्या पाण्यानं भरलेली सुरई. कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, हा तिचा बाणा.

वेशीवर द्वारपालानं तिला अडवलं नाही. त्यानं फक्त नियम सांगितला.

“बाई, पौर्णिमेच्या सूर्यास्ताआधी तीन गोष्टी दाखवाव्या. राहायला छप्पर, चुलीत विस्तव, आणि ‘ही आमची’ म्हणणारा ग्वाहीदार. तिन्ही असतील तर सुखानं राहावं.”

“आणि नसतील तर?”

द्वारपालानं वर बोट दाखवलं. वेशीच्या कमानीवर पाखरांची दाटी झाली होती, आणि नवं माणूस दिसताच सगळी एकदम बोलू लागली. पूर्वेच्या आळीत घर बघ, तिकडे ओल नाही. नदीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. बाजारात पहिल्या भावाला होकार देऊ नकोस. इथला गारवा अंगात शिरतो, कान बांधून नीज. सगळे सल्ले खरे होते, कामाचे होते. सल्ला देणारी मात्र यच्चयावत पाखरं होती, हे मेघावतीच्या ध्यानात आलं.

इतक्यात हळदी रंगाचं एक पाखरू तिच्या खांद्यावर उतरलं आणि म्हणालं, “अक्का, लोणच्याची बरणी कलंडली आहे.”

आवाज शार्दूलचा होता. मेघावती तिथेच धुळीत बसली आणि रडली. रडणं झाल्यावर तिनं आधी बरणी सरळ केली, आणि मग विचारलं, “हे कसं झालं?”

शार्दूलनं सांगितलं, की त्याला छप्पर मिळालं होतं, विस्तवही मिळाला होता. आळीतली माणसं गोड बोलत, घरात बोलावत. कुणाचा म्हणून त्यानं अपराध केला नव्हता. तरी पौर्णिमेला ग्वाही द्यायला एकही माणूस आला नाही, आणि ते का, हे त्याला पाखरू होऊनही उमगलं नव्हतं. मेघावती उठली. तिनं मनाशी ठरवलं, की भावाला माणूस केल्याशिवाय इथून हलायचं नाही. आणि त्यासाठी आधी आपण स्वतः माणूस राहिलं पाहिजे.

पहिलं काम छपराचं. ती घर बघायला गेली, तर घरधनी म्हणाला, ज्याची चूल पेटती आहे त्यालाच घर देतो, बिनचुलीच्या माणसाचा काय भरवसा. विस्तव मागायला गेली, तर बाया हसल्या. घर नाही तर विस्तव ठेवशील कुठे, पदरात? तिनं दोन्ही अडचणी गावच्या पाटलापुढे मांडल्या, तर तो म्हणाला, कुणी ग्वाही दिली तर दोन्ही मिळतील. आणि ग्वाही? ती घर असलेल्यांनाच मिळते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, आणि पोहरा नाही तर आडापाशी जाऊन करायचं काय, असा सगळा कारभार.

मेघावती विचार करून एका दारात उभी राहिली. तिथं तुंगा नावाची कासारीण राहत असे. अंगानं दांडगी, बोलायला फटकळ, हातात सदा बांगड्यांची माळ. मेघावतीनं घर मागितलंच नाही. ती म्हणाली, “बाई, तुम्ही फेरीला जाता तेव्हा मागं टोपल्यांपाशी कुणी नसतं. मी ओटीवर बसते आणि राखते.” तुंगाला ते पटलं. मेघावती बसली. ऊन आलं तेव्हा आत सरकली, गार वारा सुटला तेव्हा आणखी आत सरकली. द्वारपालाचा माणूस चौकशीला आला आणि ही कुठे राहते म्हणून विचारू लागला, तेव्हा तुंगा करवादली, “दिसत नाही? माझ्याकडे राहते.” छप्पर झालं. आणि छप्पर झालं तसा शेजारणीनं खापरात विस्तवही दिला, काही न विचारता, आणि ओटीच्या टोकाला मेघावतीची वेगळी चूल पेटली. दुसरं काम पहिल्याच्या मागोमाग चालत आलं.

उरली ग्वाही. ती तुंगा देईल असं मेघावतीला वाटू लागलं, कारण आता दोघींचं बरं जमलं होतं. मेघावतीला दही लावायचं होतं, आणि सगळं बरोबर आणलेल्या त्या बाईनं विरजण तेवढं आणलं नव्हतं, कारण ते वाटेत टिकत नाही. तिनं मनाचा हिय्या करून ते तुंगापाशी मागितलं. तुंगानं पितळेची एक वाटी भरून दिली. दही छान लागलं. मेघावतीनं वाटी चिंचेनं घासून लखलखीत केली, रिकामं भांडं परत करू नये म्हणून तीत गूळखोबरं घातलं, आणि हसतमुखानं तुंगापुढे ठेवली.

तुंगाचा चेहरा पडला. तिनं वाटी घेतली, गूळखोबरं तसंच ठेवलं, आणि पाठ वळवली. त्या दिवसापासून ती मेघावतीशी बोलेना. शेजारीणही खाली बघून जाऊ लागली. आळीत कुणी दार लावलं नाही, पण कुणी हाकही मारली नाही.

पौर्णिमा उद्यावर आली. शार्दूल आढ्यावर बसून म्हणाला, “अक्का, माझ्या वेळी असंच झालं होतं. एकाएकी सगळे गप्प झाले होते.”

मेघावती तशीच उठली आणि तुंगापुढे जाऊन बसली. “माझं काय चुकलं ते सांगा. मी इथली नाही. मला सांगितल्याशिवाय कळणार नाही.”

तुंगानं हातातल्या बांगड्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, “वाटी परत का आणलीस?”

“उसनी होती म्हणून.”

“आमच्याकडे माणूस मेलं की त्याच्या घरची भांडी परत जातात. नाहीतर कायमचं भांडण झालं की जातात. एरवी माझी वाटी तुझ्याकडे, तुझं ताट हिच्याकडे. त्यावरच तर आळी उभी आहे. तू वाटी घासून आणलीस, वर गोड घातलंस. मी समजले, तुला आमच्याशी संबंध नको.”

मेघावतीला सगळं उमगलं. शार्दूल परमुलखात निघाला तेव्हा तिनंच त्याला बजावलं होतं, की कुणाचं काही ठेवून घेऊ नकोस, भांडं ज्याचं त्याला वेळेवर पोचतं कर, आणि रिकामं कधी देऊ नकोस. गुणी पोर. त्यानं अक्षर न अक्षर पाळलं होतं. बहिणीच्या चांगल्या वळणानंच त्याचं पाखरू केलं होतं, आणि याचं तिला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणीही येईना. तिनं तुंगापुढे दोन्ही हात पसरले, जन्मात पहिल्यांदा, आणि म्हणाली, “मला वाटी द्या. परत देणार नाही.”

तुंगानं आत जाऊन आधीच्यापेक्षा मोठी वाटी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी, दिवस कलताना, राजवाड्याच्या चौकात ग्वाहीची सभा भरली. राजा भानुकेतू सिंहासनावर जांभया देत बसला होता. द्वारपालानं मेघावतीचं नाव पुकारलं. तुंगा पुढे झाली आणि म्हणाली, “माझी वाटी हिच्या चुलीपाशी आहे. ही आमची.” एवढंच. राजानं मान डोलावली आणि मेघावतीला विचारलं, की नव्या रहिवाशाला एक मागणं मागता येतं, तुझं काय आहे?

“माझा भाऊ,” मेघावती म्हणाली.

“त्याच्याकडे या नगरातलं एकही भांडं नाही. त्याला कुणी आपला कसं म्हणावं?”

मेघावतीनं तुंगाकडे वळून विचारलं, “तुमचं भांडं दुसऱ्याकडे असलं तर नातं, की दुसऱ्याचं तुमच्याकडे असलं तर?”

तुंगा म्हणाली, “दोन्ही एकच. दोराला एक टोक असतं का?”

“तर महाराज, मला कोठाराची किल्ली द्यावी.”

सभा चुळबुळली, पण किल्ली मिळाली. कोठारात हिरे नव्हते, माणकं नव्हती. तवे होते, पोळपाट होते, खलबत्ते, पाळण्यांच्या दोऱ्या, देवांचे छोटे टाक, आणि भिंतीलगत उतरंडीसारखी रचलेली गाठोडी. दूरदूरच्या मुलखांतून माणसांनी पाठीवर वाहून आणलेला संसार तो. त्यात तिला शार्दूलचा तांब्या दिसला. तो मूळचा आईचा. मेघावतीनं तो उराशी धरला, आणि हा माझा, असं तिच्या मनात आलं. लगेच तिच्या बोटांना हळदी पिसं फुटली.

ती तांब्या घेऊन चौकात आली, तोवर पिसं मनगटाच्या वर गेली होती. सूर्य वाड्याच्या भिंतीला टेकला होता. शार्दूल तिच्या डोक्यावर घिरट्या घालत होता आणि ओरडत होता, की अक्का, टाकून दे, मी आहे असा बरा आहे. मेघावतीनं टाकला नाही. तिनं तो तुंगापुढे धरला.

“हा घ्या. आईचा आहे. आम्हांला परत देऊ नका.”

तुंगा मागे सरकली. शापाचं भांडं घरात कोण घेणार? तिला दोन लहान मुली होत्या, त्यांना काही बाधलं तर? मेघावतीची कोपरं आता दिसत नव्हती, पण तिनं तांब्या तसाच धरून ठेवला. आईची तेवढी एकच वस्तू उरली होती. ती द्यावी असं तिला वाटत नव्हतं. तरी ती देत होती.

तुंगानं ते पाहिलं. तिनं तांब्या घेतला, काखेला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, “शार्दूलचा तांब्या माझ्या घरी आहे. हा आमचा.”

मेघावतीच्या हातांवरची पिसं गळून पडली, आणि चौकाच्या फरशीवर शार्दूल उभा राहिला, वाळलेला, दाढी वाढलेला, पण माणूस.

मग काही सांगावं लागलं नाही. शेजारणीनं आत जाऊन एक तवा उचलला. पाटलानं खलबत्ता घेतला. ज्याच्या हाती जे लागेल ते घेऊन लोक त्याच्या धन्याला ‘हा आमचा, ही आमची’ म्हणू लागले, आणि कमानीवरून, शिखरावरून, गवाक्षातून पाखरं उतरून माणसं होऊ लागली. कोठार रिकामं झालं. कोपऱ्यात एक फुटका कमंडलू तेवढा राहिला. तो कुणी घेईना. गवाक्षात एक म्हातारं करडं पाखरू एकटंच बसून होतं. राजा स्वतः उठला आणि कमंडलू घेऊन म्हणाला, “हा कमंडलू माझ्या घरी राहील. हा आमचा.” पाखराचा मांत्रिक झाला. ज्या सूर्यास्ताला त्यानं शाप दिला, त्याच सूर्यास्ताला तो त्यालाही बाधला होता, कारण त्यालाही कुणी आपलं म्हटलं नव्हतं. त्यानं शाप मागं घेतला. राजा आत गेला आणि झोपला, तो थेट तिसऱ्या दिवशी उठला.

शार्दूलनं देवळाची घंटा ओतली. भाऊबहीण तिथंच राहिली. नवे परके येत, त्यांना वेशीवर आता नियम सांगत नसत. एखादी वाटी हातात देत. शार्दूलची खोड मात्र पुरती गेली नव्हती. एके सकाळी तो फडताळातली तुंगाची वाटी काढून राखेनं घासू लागला. मेघावतीनं त्याच्या हातावर चापट मारली आणि वाटी जागच्या जागी ठेवली. ती अजून तिथंच आहे.

ही कहाणी आम्हांला ज्यानं दिली, त्याला आम्ही ती परत केलेली नाही. तुम्हीही करू नका.