दोराला हिसका बसला तेव्हा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचं ते बंदर आता कुठल्या वाळूखाली गेलंय, हे समुद्रालाही आठवत नसेल. त्या बंदरात श्रीमंतांची सात घराणी नांदत होती. कोणाचे मोती, कोणाचं रेशीम, कोणाचा कापूर. नुसतं नाव काढलं तरी ऐकणाऱ्याच्या भुवया वर जायच्या!

पण बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, पैसा मिळवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. म्हणून प्रत्येक घराण्याचा एक कारभारी असे. सोनं किती ठेवायचं, शेतीत किती घालायचं, गलबतांवर किती सोडायचं, हे सगळं तो ठरवी. कारभारी पेठेतून निघाला की सराफसुद्धा गादीवरून उठून नमस्कार करत.

कालिंदीला लहानपणापासून कारभारीणच व्हायचं होतं. इतर मुली भातुकली मांडत, तेव्हा ही मैत्रिणींचे चिंचोके सांभाळायला घेई आणि संध्याकाळी दीडपट करून परत देई. कसे, ते मला विचारू नका. मला ते जमलं असतं तर मी गोष्टी सांगत बसलो असतो का?

मोठी झाल्यावर ती मोतीवाल्यांच्या घराण्याचे कारभारी नारोबा यांच्या हाताखाली शिकली. वारं, भाव, सौदे, सगळं गोदीत आणि पेठेत शिकली; घरातली देणी-घेणी मात्र नारोबा स्वतःच बघत. नारोबा थकले, तेव्हा ते घराण्याच्या आईसाहेबांना म्हणाले, "ही पोर माझ्यापेक्षा हुशार आहे." दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबर आईसाहेबांनी तिजोरीच्या किल्ल्या कालिंदीच्या ओंजळीत ठेवल्या. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर ठरेनात! एवढ्या मोठ्या घराण्याचं धन, आणि ते राखायला आपण!

निघताना नारोबांनी तिला थांबवलं. "पोरी, एक रीत आहे आपल्या धंद्याची. तिजोरी उघडायच्या आधी महिनाभर त्या घरच्या पंगतीला बसायचं. जेवायचं आणि कान उघडे ठेवायचे."

"महिनाभर नुसतं जेवायचं?" कालिंदी हसली. "नारोबाकाका, वारं आत्ता सुटलंय! गलबतं आत्ताच निघायला हवीत."

"वारं दरवर्षी सुटतं."

"पण मी दरवर्षी नवी नसते ना!"

नारोबांनी तिची वाट सोडली. हुशार माणसाला अडवणं आणि उधळलेल्या घोड्यासमोर उभं राहणं सारखंच, हे त्यांना ठाऊक होतं.

कालिंदीने घराण्याचं जवळजवळ सगळं रोख धन मसाल्याच्या बेटांकडे निघालेल्या गलबतांवर लावलं. तिचा हिशेब अगदी चोख होता. त्या वर्षी बेटांवर लवंग उदंड आली होती आणि इकडे पेठेत लवंग औषधालाही मिळत नव्हती. गलबतं पावसाच्या तोंडावर, ज्येष्ठात परतणार होती. फाल्गुनात एका हलक्या होडीने सांगावा आणला, की माल पाण्याच्या भावात मिळाला. मग काय विचारता! तिप्पट होणार, तिप्पट! पेठेत एकच चर्चा. बाकीच्या घराण्यांचे मालक कालिंदीला वाटेत गाठून म्हणू लागले, "आमच्याकडेही या की एकदा." कालिंदीला रात्री झोप लागेना, आणि ती काळजीने नव्हे.

सगळं कसं जुळून येत होतं. आणि अक्षय्य तृतीया उजाडली.

सकाळीच मोतीवाल्यांच्या अंगणात माणसं जमली. नव्या धोतरातली, नेटक्या लुगड्यातली, हातात नारळ घेतलेली. पुढे उभे होते कान्हू तांडेल, मोत्यांच्या होड्यांचे म्होरके. सगळे मोठमोठ्याने बोलत होते, कारण त्यांतल्या पुरुषांना ऐकू येत नव्हतं. ते घराण्याचे पाणबुडे होते. खोल पाण्याच्या दाबाने त्यांचे कान गेले होते.

"हे कशाला आलेत?" कालिंदीने विचारलं.

आईसाहेब तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, त्यांचा दिवस आहे आज. आमच्या मोत्यांपायी ज्याचे कान गेले, त्याला येत्या अक्षय्य तृतीयेला घर बांधायला नि नारळाची वाडी घ्यायला रोख रक्कम द्यायची. माझ्या आजेसासऱ्यांनी दिलेला शब्द आहे हा. रोज पंगतीत पहिला घास घ्यायच्या आधी आम्ही यांच्या नावाने एकेक घास बाजूला काढतो. विसर पडू नये म्हणून. तू पाहिलं नाहीस?"

कालिंदीने कुठून पाहिलेलं असणार? ती आपली भाकरी गोदीत उभ्याउभ्या खात होती. तिजोरीत घरखर्चापुरतं सोडलं तर काहीच नव्हतं. सगळं धन समुद्रावर तरंगत होतं.

"आईसाहेब, चूक माझी आहे," ती म्हणाली. "पण फक्त महिनाभर थांबायला सांगा त्यांना. गलबतं आली की तिप्पट होतंय. मग यांनाही दुप्पट देऊ!"

हा हिशेबही चोख होता. तुम्ही-आम्हीही हेच म्हटलं असतं.

आईसाहेबांनी आवाज चढवला नाही. "कालिंदी, पाणबुड्या खाली जातो तेव्हा त्याच्या कमरेला दोर असतो. श्वास संपत आला की तो खालून हिसका देतो. वर होडीत बसलेल्याने कधी म्हटलंय का, थांब जरा, आणखी दोन शिंपले मिळतील, मग ओढतो?"

अंगणात गलका चालूच होता. एक म्हातारी आपल्या नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, "विहीर मागच्या अंगाला खणायची, सांगून ठेवते!" आणि तो मान डोलावत होता. कालिंदीने ते ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या रकमेच्या पलीकडे उभं असलेलं माणूस दिसलं.

ती उठली आणि तडक पेठेत गेली. तिथे पद्माकरशेट नावाचा लोण्यासारखं बोलणारा एक व्यापारी होता. समुद्रावरचा माल तो आजच्या रोख पैशात घेई, पण भाव पाडून. "वादळ झालं तर? चाचे आले तर? जोखीम माझी, बाई!" म्हणत त्याने निम्म्या गलबतांतला माल कवडीमोलाने मागितला. कालिंदीने घासाघीस केली, अगदी जीव तोडून केली, पण भाव फारसा हलला नाही. शेवटी तिने सौदा केला.

दिवस मावळायच्या आत प्रत्येक पाणबुड्याच्या हातात त्याची रक्कम पडली. ती म्हातारी तर तिथेच अंगणात काठीने विहिरीची जागा आखून दाखवू लागली!

ज्येष्ठात गलबतं आली. सगळीच्या सगळी, शिडं फुगवून, लवंगेचा घमघमाट सोडत. भाव तिप्पट लागला. निम्मा नफा मोतीवाल्यांकडे आला आणि निम्मा पद्माकरशेटच्या घरात गेला. सारी पेठ हसली. "हातातोंडाशी आलेला घास घालवला की हो पोरीने!"

कालिंदी किल्ल्या घेऊन आईसाहेबांपुढे उभी राहिली. "निम्मं घालवलं मी. या परत घ्या." बोलता बोलता तिला रडू फुटलं. लहानपणापासूनचं स्वप्न होतं ते, एका वर्षातच संपत होतं.

"कोणी मागितल्या किल्ल्या?" आईसाहेब म्हणाल्या. "वाढवायचं कसं हे तुला ठाऊक होतंच. ओढायचं कधी हे आता कळलं. एवढं महाग शिक्षण आमच्या पैशाने घेतलंस, आणि निघालीस कुठे? ताट वाढलंय, बस."

कालिंदी पंगतीत बसली. आईसाहेबांनी घास बाजूला काढायला सुरुवात केली. ज्यांना घरं मिळाली, त्यांचे घास आता नव्हते. एकच घास निघाला.

"हा कोणाचा?" कालिंदीने विचारलं.

"दर्याजीचा. परवाच कान गेले त्याचे."

"त्याला वाडी किती मोठी लागेल? मुलं किती आहेत त्याला?" तिने विचारलं, आणि मग पहिला घास घेतला. दर्याजीची रक्कम दुसऱ्याच दिवशी तिने सोन्यात घालून वेगळी ठेवली. उरलेलं धन मात्र पुन्हा गलबतांवर सोडलं, तेही त्याच उत्साहाने!

पुढच्या दसऱ्याला बंदरातल्या आणखी दोन घराण्यांनी तिला बोलावणं पाठवलं. हसणारी पेठ विचारू लागली, हिला कसं काय बोलावलं? त्या घराण्यांना एवढंच पुरे होतं, की हिच्या हातात दोर दिला तर हिसका बसताच ती ओढते. नव्या घरी पोहोचल्यावर कालिंदीने तिजोरी कुठे आहे हे विचारलं नाही. तिने विचारलं, "पंगत कधी बसते?"

तात्पर्य : धन वाढवणारा हुशार खरा, पण ते कोणाला आणि कधी लागणार हे जो आधी ओळखतो, तोच खरा कारभारी.